उतरंडीतला अ‍ॅम्प्लिफायर

दिवाळीत वाचायच्या अंकासाठी मी मे महिन्याबद्दल लिहितोय, त्याला इलाज नाही. माझा धंदाच मे महिन्याचा होता. जळगावात एकतीस वर्षं मी लोकांच्या घरातले अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केले. ते बारा महिने बिघडत, पण माझ्या टेबलावर त्यांची रीघ लागायची ती होळीनंतर, आणि मृग लागला की ओसरायची. इतर गावांत वस्तू वापरून खराब होतात. आमच्याकडे नुसत्या जागेवर बसून खराब होतात, उन्हाने.

धंद्यातलं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेडिओतून किंवा टेपमधून निघणारा आवाज अगदी क्षीण असतो. तो स्पीकर हलवू शकेल इतका जोरकस करायचा, हे अ‍ॅम्प्लिफायरचं काम. ते करताना घेतलेल्या विजेतली बरीचशी तो नुसती उष्णता करून टाकतो. म्हणून त्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची, कंगव्याच्या दातांसारखी पाती असतात आणि झाकणाला जाळी असते. पाती तापतात, गरम हवा जाळीतून वर निघून जाते, खालून गार हवा आत येते. शास्त्र एवढंच.

आणि आपण काय करतो? घरात चार पेट्या झाल्या की आई मडकी रचते तशी त्यांची उतरंड रचतो. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात जड, म्हणून तो तळाशी. त्याच्या जाळीवर डेक, डेकवर सीडी प्लेअर, त्यावर रेडिओ आणि शेंड्याला रेकॉर्ड प्लेअर. वर शोभेचा कपडा. तळातल्याचा श्वास कोंडला हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो बिचारा गातच असतो. थंड हवेच्या गावात ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. आमच्याकडे दुपारी तीनला खोलीतली हवाच अंगाला चटका देणारी, ती आत जाऊन कुणाला गार करणार?

गिऱ्हाइकांना मी हे सांगून थकलो. चाळीसगावला एक कापडवाले शेठ होते. त्यांनी अख्खी उतरंड काचेच्या कपाटात ठेवून त्याला कुलूप लावलं होतं आणि किल्ली करगोट्याला बांधली होती. सेट तासाभराने गप्प व्हायचा. मी पॅसेंजरने गेलो, कपाट उघडायला लावलं आणि काही न करता नुसता बसून राहिलो. सेट संध्याकाळपर्यंत वाजला. शेठ म्हणाले, "मास्टर, काच उघडी ठेवली तर धूळ जाईल."

"आणि बंद ठेवली तर सेट जाईल," मी म्हणालो. शेवटी कपाटाची मागची फळी काढायला ते तयार झाले. काच आणि कुलूप मात्र तसंच ठेवलं.

धुळे तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी त्याहून मोठा चमत्कार पाहिला. घरातल्या बाईंनी कूलरचा ओला वाळा काढून अ‍ॅम्प्लिफायरवर पांघरला होता. मी घाबरून आधी पिन काढली. विजेच्या वस्तूवर पाणी म्हणजे काय, हे समजावू लागलो, तर त्या माऊलीने कळवळून विचारलं, "त्याले बी ऊन लागस ना, भाऊ?" मला रागावता आलं नाही. एवढ्या वर्षांत त्या यंत्राला ऊन लागतं हे मी न सांगता ओळखणारी ती एकटीच.

असे किस्से मी पुष्कळ सांगू शकतो. लोक हसतात, मीही हसतो. पण लिहायला बसलो तो ज्यासाठी, ते हसण्यासारखं नाही.

चार उन्हाळे झाले त्याला. जळगावातल्याच मेहरूणमध्ये महाजन साहेब म्हणून एक गृहस्थ राहत. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथे पाणी थंड करणाऱ्या त्या भल्या थोरल्या मनोऱ्यांकडे त्यांचं काम असे. "माझं सगळं आयुष्य गरम पाणी थंड करण्यात गेलं," असं ते म्हणत. बोलणं मोजकं, शर्टाच्या खिशात कायम छोटी वही. त्यांच्या पत्नी सुमनताई. त्यांना पक्षाघात होऊन बरीच वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डावा हात तेवढा चालायचा. ऐकू मात्र स्वच्छ यायचं, आणि गाण्यांचा त्यांना नाद होता. दीपनगरच्या कॉलनीत असताना दोघांनी एक एक करून सेट जमवला होता. तो आता सुमनताईंच्या पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीतल्या कडप्प्याच्या कोनाड्यात, पाच पेट्यांची उतरंड करून ठेवलेला होता.

त्यांची सगळी काळजी जिजाअक्का घ्यायच्या. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या त्या बाई. पन्नाशीच्या पुढच्या, नवरा नाही, मूलबाळ नाही, मूळ घर भावाचं. सहा वर्षं त्या महाजनांकडे राहत होत्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दार त्यांनीच उघडलं. "या भाऊ, बठा. बाईनं गानं बंद पडी गयं," म्हणाल्या, जणू घरात कुणी आजारी पडलंय.

मी कोनाड्यात हात घातला. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण तव्यासारखं तापलं होतं. उतरंडीवर, पार तळातल्या जाळीपर्यंत लोंबणारा क्रोशाचा एक कपडा होता, सुमनताईंनी हात चालत असताना विणलेला. मी साहेबांना सांगितलं, "हा अ‍ॅम्प्लिफायर बाहेर काढा. एकटा ठेवा. वर एक वीत जागा पाहिजे. आणि हा कपडा सेट चालू असताना नको."

साहेबांनी खोलीकडे हात केला. पलंग, चाकाची खुर्ची, औषधांचं कपाट, खिडकीत कूलर. पाऊल ठेवायला जागा नव्हती. "पावसाळ्यात सुतार बोलावतो," ते म्हणाले. "कपड्याचं अक्का बघेल."

अक्कांनी मान हलवली. "धूळ येस म्हनीसन सकाळे टाकस मी. दुपारले काढी ठेवसू."

इथे आणखी एका वस्तूची ओळख करून द्यायला हवी. कंपनीने अ‍ॅम्प्लिफायरच्या आत, त्या पात्यांवर, शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी अशी एक गोल डबी बसवलेली असते. आम्ही तिला 'थर्मल' म्हणतो. पाती फार तापली की डबीतली पट्टी वाकते, वीज तुटते आणि सेट गप्प होतो. निवला की पट्टी सरळ होते आणि सेट पुन्हा सुरू. गिऱ्हाईक म्हणतं सेट बिघडला. खरं तर त्या क्षणी तेवढी एकच वस्तू आपलं काम चोख करत असते.

मे महिन्याच्या मध्यावर साहेब रिक्षातून दुकानात आले. टॉवेलमध्ये गुंडाळलेला अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ते वजन उचलून आणलं होतं.

"रोज दोन वाजता बंद पडतो," ते म्हणाले. "चारपर्यंत बोलत नाही. नेमकी तीच तिची वाईट वेळ. गाणं थांबलं की ती डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटत राहते. मनगट सुजलंय, वामनराव. काल रक्त आलं."

मी अ‍ॅम्प्लिफायर उघडला. बिघाड कसलाच नव्हता. थर्मल आपलं काम करत होती. मी म्हणालो, "साहेब, उतरंड सोडवल्याशिवाय..."

"ते मला कळतं," त्यांनी मला थांबवलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "सुतार लग्नाला गेलाय, पंधरा दिवस येत नाही. तोवर एवढंच बघा, की दुपारी बंद पडायला नको."

ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, तापायला लावली. थर्मलच्या दोन पायांमध्ये बोटाच्या पेराएवढी तांब्याची तार ठेवली आणि दोन्हीकडे डाग दिला. आता पट्टी वाकली काय आणि सरळ राहिली काय, वीज तुटणार नव्हती. मनाशी म्हणालो, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. सुतार आला की काढून टाकू. झाकण लावलं. साहेबांना सांगितलं, "आता बंद पडणार नाही."

काय केलं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मात्र त्यांचा चेहरा असा सैल झाला, की मला स्वतःचा अभिमान वाटला. हे लिहायला जड जातंय, पण वाटला.

अकराव्या दिवशी दुपारी त्यांच्या घरात आग लागली.

साहेब औषधं आणायला गेले होते. अक्का मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या. सुमनताईंच्या खोलीत गाणं चालू होतं. आधी करपल्याचा वास आला, मग गाणं ओढल्यासारखं होऊन थांबलं आणि कठड्यावर हात आपटल्याचा आवाज सुरू झाला. अक्का धावत आत गेल्या तेव्हा कोनाड्यातून काळा धूर निघत होता, डेकचं प्लास्टिक वितळून खाली ठिबकत होतं आणि बाजूच्या पडद्याने पेट घेतला होता. त्या बाईने काय करावं? आधी पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विच पाडला. मग परत आत येऊन सुमनताईंना दोन्ही हातांनी उचललं, एकटीने, आणि ओसरीवर आणून झोपवलं. शेजाऱ्यांनी येऊन आग विझवली. सुमनताईंच्या डाव्या पायाला भाजलं होतं आणि धूर छातीत गेला होता. त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, साहेब स्वतः दुकानात आले तेव्हा. या वेळी टॉवेल नव्हता. पोत्यात घातलेला काळा पत्रा होता.

"उघडून बघा," ते म्हणाले. "मला फक्त कळायला हवं, काय झालं ते."

मी उघडला. ट्रान्सफॉर्मर कोळसा झाला होता. हळूहळू तापत गेलं की असं होतं, फ्यूजला पत्ताही लागत नाही. आतल्या सर्किटच्या पाटीवर ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. पात्यांवर ती गोल डबी मात्र होती, आणि तिच्या दोन पायांमध्ये माझी तार. काळी पडली होती, पण जिथली तिथे होती.

"उष्णता कोंडली, साहेब," मी म्हणालो.

"म्हणजे तो कपडाच ना?" ते म्हणाले. "जळका तुकडा कोनाड्याखाली सापडला. अक्का म्हणते, दुपारी काढला होता, घडी करून कोनाड्याजवळच्या स्टुलावर ठेवला होता. पुण्याहून मुलगा आलाय, त्याने तिला काल जायला सांगितलं. सहा वर्षं होती. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही."

मी गप्प बसलो.

त्यांनी विचारलेलं 'कपडाच ना' तिथेच, आम्हा दोघांच्या मधे, टेबलावर पडून राहिलं. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. अक्का खरं बोलत असणार हे मला पत्र्याकडे बघूनच कळलं होतं. झाकणाच्या जाळीवर कपडा जळला असता तर तिथे सुताची राख चिकटली असती. जाळीवर डेकचं वितळलेलं प्लास्टिक होतं, सुताची राख कुठेच नव्हती. हे या गावात तेव्हा माझ्याशिवाय कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. साहेब म्हणाले, "भंगारात टाका आता," आणि उठून गेले.

मी तो भंगारात टाकला नाही. टेबलाखाली सरकवला. पुढचे बारा दिवस मी दुकान उघडत होतो, लोकांचे सेट घेत होतो, त्यांना हवा कशी खेळती ठेवावी ते समजावत होतो, आणि पाय लांब केला की तो पत्रा पायाला लागत होता. मनात हिशेब असा की सुमनताई वाचल्या आहेत, साहेबांनी मला दोष दिलेला नाही, आणि अक्कांना दुसरीकडे काम मिळेलच. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवू शकतो, हे मी त्या बारा दिवसांत पाहिलं.

तेराव्या दिवशी साहेबांचा फोन आला. ताईंना घरी आणलं होतं. त्यांच्यासाठी एखादा छोटा रेडिओ हवा होता. मी तो घेऊन गेलो.

खोलीला नवा चुना दिला होता. कोनाडा रिकामा. नवीन ठेवलेली एक बाई सुमनताईंना भाताची पेज भरवत होती, आणि त्या तोंड उघडत नव्हत्या. मी दारात आलो तशी त्यांनी पटकन मान वळवली. मला बघितलं आणि मान परत भिंतीकडे फिरवली. साहेब हळू आवाजात म्हणाले, "दार वाजलं की असंच करते. अक्का आली असं वाटतं तिला. चार दिवस झाले, नीट जेवली नाही."

मी रेडिओ टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, जरा बाहेर बसू या."

ओसरीवर बसल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी खिशातली वही काढून पुढे केली. "तार कुठे होती, काढून दाखवा."

मी काढून दाखवलं. त्यांनी त्या आकृतीवरून एकदा बोट फिरवलं.

"आमच्याकडे संरक्षणाच्या एका स्विचला हात लावायचा तर तीन सह्या लागायच्या," ते म्हणाले. "लेखी. तुम्ही एकट्याने केलंत."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नाही."

ते उठून आत गेले. मोरीतल्या नळाचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आले तेव्हा चेहरा ओला होता. बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "सांगितलं असतंत तर मी नको म्हणालो असतो, असं आज म्हणणं सोपं आहे. त्या दिवशी तिच्या मनगटातून रक्त येत होतं. मी काय म्हणालो असतो, माझं मलाच माहीत नाही. तेव्हा आगीचं मी समजू शकतो, वामनराव. पण मी दुकानात तुम्हाला विचारलं, कपडाच ना, आणि तुम्ही गप्प बसलात. अक्काला काढलं हे तुम्हाला मी त्याच वेळी सांगितलं होतं. ते मला समजत नाही."

मी उठून चपला शोधू लागलो.

"चला," ते म्हणाले.

"कुठे?"

"तिच्या गावाला."

त्यांनी स्वतः गाडी काढली. जळगाव सुटलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं उन्हात पडलेली होती. पारोळ्याच्या पुढे डावीकडे वळून गावात शिरलो आणि एका पोराला घर विचारलं. दुपार कलत होती. अक्का भावाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. गाडीतून साहेब उतरलेले पाहून त्या उठल्या, पदर सावरला, पण पुढे आल्या नाहीत. भाऊ घरातून बाहेर आला. गाडी बघून शेजारची दोन-चार माणसंही ओट्यापाशी जमली.

साहेबांनी हात जोडले. "अक्का, चूक झाली आमची. कपड्याने आग लागली नव्हती. तू खरं बोलत होतीस."

अक्कांनी हातातली शेंग सुपात टाकली. "मी सांगेल व्हतं ना, साहेब," त्या म्हणाल्या. "कपडा मी काढेल व्हता. तुमना पोऱ्यानं ऐकं नही. तुम्हीन बी ऐकं नही."

मी पुढे झालो. "अक्का, आग माझ्यामुळे लागली. मी आत एक तार..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "माले काय सांगतस, भाऊ? मी काय करं आनि काय नही, माले माहीत शे. पंधरा दिन व्हयनात. ह्या गल्लीमा बठ्ठा माले बाईले जाळनारी समजतस. पानी भराले गई तं बाया गप्प व्हतीस. सांगनं व्हई तं ह्या बठ्ठासले सांग."

मी वळलो. ओट्यापाशी सात-आठ माणसं उभी होती. एक म्हातारे आबा काठी टेकून पुढे सरकले होते. इतकी वर्षं मी दुकानाच्या टेबलामागून लोकांशी बोललो होतो. मधे टेबल नसताना बोलायची सवय नव्हती. पण बोललो. मी कोण, काय काम करतो, सेट जास्त तापला की बंद करणारी वस्तू कोणती, ती मी कशी निकामी केली, का केली. कपडा त्या वेळी स्टुलावर होता हे जळलेल्या सेटवरून कसं दिसतं. अक्कांनी आधी मेन स्विच पाडला नसता तर बाईंना उचलताना दोघी गेल्या असत्या. आणि हे सगळं मला जळका सेट उघडला त्या दिवसापासून माहीत असून मी बारा दिवस सांगितलं नाही.

मग त्या आबांनी विचारलं, "बारा दिन कसाले गप्प बठना तू?"

"भ्यालो, आबा."

आबांनी मान हलवली. ती पटल्याची होती की कीव केल्याची, मला कळलं नाही. अक्कांच्या भावाने खाली बघत बहिणीला म्हटलं, "चहा ठेव." त्याच्या आवाजावरून मला कळलं, की त्यानेही या पंधरा दिवसांत बहिणीला काही ना काही ऐकवलं असणार.

अक्का चहाला उठल्या नाहीत. त्यांनी साहेबांना विचारलं, "बाई जेवस का?"

साहेबांनी नुसती मान हलवली. नाही.

अक्कांनी सूप बाजूला सारलं, हात झटकले आणि घरात गेल्या. पिशवी घेऊन बाहेर आल्या. "कामनं नंतर दखसूत," त्या साहेबांना म्हणाल्या. "आज बाईले खावाडी येस." आणि गाडीत मागे जाऊन बसल्या.

त्या संध्याकाळी सुमनताई जेवल्या. मी आत गेलो नाही, ओसरीवरच उभा राहिलो. आतून अक्कांचा आवाज येत होता, लहान मुलाला भरवताना बोलतात तसा, आणि मधूनच वाटीवर चमचा घासल्याचा. साहेब खांबाला टेकून तोंड फिरवून उभे होते.

मुलाने पुण्याहून अक्कांना फोन केला. काय बोलला मला ठाऊक नाही, पण पुढच्या सोमवारी अक्का त्यांची पत्र्याची पेटी घेऊन परत आल्या. माझ्या दुकानापुरतं सांगायचं तर त्यानंतर मी एक नियम केला. सेट कुठे ठेवलाय हे घरी जाऊन बघितल्याशिवाय दुरुस्त सेट हातात द्यायचा नाही. काही गिऱ्हाइकांना ते चमत्कारिक वाटलं, काही तुटली. कुणी कितीही गयावया केली तरी थर्मलला परत हात लावला नाही. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा गेल्या वर्षी दुकान बंद केलं. यात काही मोठं केलं असं मला वाटत नाही. सुमनताईंच्या पायावरचा डाग त्याने गेला नाही.

पावसाळ्यात साहेबांचा पुन्हा फोन आला. त्यांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर मागवला होता. "बसवून द्या," म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, दुसरं कुणी बघा. गावात चांगली मुलं आहेत."

"तुम्हीच या," ते म्हणाले. "दुसऱ्याला ते अजून शिकायचं असेल."

सुतार येऊन गेला होता. साहेबांनी वहीत नकाशा काढून, मोजमापं देऊन, सागाची एक घडवंची करून घेतली होती. प्रत्येक पेटीला वेगळा कप्पा, मागे फळी नाही, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात वर, उघड्यावर. पलंगापासून चार हात दूर, दाराजवळ. चाकाची खुर्ची त्यांनी त्यासाठी बाहेर ओसरीत हलवली होती. मी वायरी जोडल्या, स्पीकर लावले. सुमनताई माझ्या हातांकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग होता का, हे मी खूप शोधलं. तशी ती नजर वाचता येण्यासारखी राहिली नव्हती.

काम होईपर्यंत अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी हत्यारं पिशवीत भरू लागलो तशा त्या आत आल्या.

"भाऊ, ते थर्मल का काय, ते शे ना आते मझार?"

"आहे आत, अक्का."

"दखाड."

मी पिशवीतून पेचकस परत काढला. सहा स्क्रू होते, ते एक एक करून सोडवले, झाकण उचलून बाजूला ठेवलं. पात्यांवरची ती गोल डबी बोटाने दाखवली. अक्का खाली वाकल्या. चष्मा नव्हता, म्हणून अगदी जवळ गेल्या. डबीचे दोन्ही पाय, त्यांना आलेल्या दोन वायरी आणि त्यांच्यामधली रिकामी जागा, सगळं त्यांनी सावकाश बघून घेतलं.

मग त्या सरळ झाल्या. "आते लाव झाकन," म्हणाल्या, आणि सुमनताईंची उशी नीट करायला गेल्या.